को-ऑप म्हणजे काय? प्रयोगशाळेत पगारी काम करत इंजिनिअरिंग कसं शिकतात?

'कॅनडात शिका आणि शिकता शिकता कमवा', 'को-ऑपसह प्रवेश, नोकरीची हमी' अशा जाहिराती तुमच्याही फीडवर आल्या असतील. त्यातला 'को-ऑप' हा शब्द खरा आहे आणि ती संधीही चांगली आहे. 'हमी' या शब्दावर मात्र थांबायला हवं, कारण या शब्दाच्या भरवशावर अनेक घरांत शैक्षणिक कर्जाचं गणित मांडलं जातं.

को-ऑप आणि इंटर्नशिप यात फरक काय?

को-ऑप म्हणजे कोऑपरेटिव्ह एज्युकेशन. यात एक सत्र वर्गात आणि एक सत्र कामावर, असं आलटूनपालटून शिक्षण चालतं. इंटर्नशिप बहुतेकदा सुट्टीत, एकदाच आणि कधी कधी बिनपगारी असते. को-ऑपचं काम पगारी असतं, पदवीचा भाग असतं आणि त्याची नोंद विद्यापीठाच्या दफ्तरी होते.

ही कल्पना अमेरिकेतली. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केला. विद्यार्थी एक आठवडा वर्गात बसायचे आणि पुढचा आठवडा कारखान्यात काम करायचे. कॅनडात १९५७ मध्ये सुरू झालेल्या वॉटर्लू विद्यापीठाने हीच पद्धत इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा पाया केली. तिथे सत्रं चार-चार महिन्यांची असतात. पदवीला साधारण पाच वर्षं लागतात, पण त्यात जवळपास दोन वर्षांचा कामाचा अनुभव जमा होतो.

प्रयोगशाळेत इंजिनिअरचं काय काम?

संशोधन प्रयोगशाळा म्हटलं की पांढरा कोट घातलेले शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात मोठी प्रयोगशाळा इंजिनिअर आणि तंत्रज्ञांशिवाय एक दिवसही चालत नाही.

व्हँकुव्हरमधली 'ट्रायम्फ' ही कॅनडाची कण-प्रवेगक प्रयोगशाळा याचं चांगलं उदाहरण आहे. ब्रिटिश कोलंबिया, सायमन फ्रेझर आणि व्हिक्टोरिया या तीन विद्यापीठांनी मिळून १९६८ मध्ये ती उभी केली. तिथला सायक्लोट्रॉन सुमारे १८ मीटर व्यासाचा आहे. तो प्रोटॉनना प्रकाशाच्या वेगाच्या साधारण तीन चतुर्थांश वेगापर्यंत नेतो. ही किरणं मूलभूत संशोधनासाठी आणि वैद्यकीय उपयोगाचे समस्थानिक तयार करण्यासाठी वापरली जातात.

हे यंत्र चालवायला निर्वात पंप, शक्तिशाली चुंबक, रेडिओ-फ्रिक्वेन्सी यंत्रणा, शीतकरण, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर, किरणोत्सर्गापासून संरक्षण हे सगळं लागतं. म्हणजेच मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या सगळ्या शाखांना तिथे काम आहे. विद्यापीठांच्या सत्रांनुसार जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन वेळा तिथे को-ऑप विद्यार्थी घेतले जातात. एखाद्या भागाचं डिझाइन करणं, सर्किट तपासणं, मोजमापांचा कोड लिहिणं अशी खरी कामं त्यांच्या वाट्याला येतात.

निवड कशी होते?

को-ऑपची जागा कुणी हातात आणून देत नाही. आधीच्या सत्रात जागा जाहीर होतात. विद्यार्थी रेझ्युमे पाठवतो, मुलाखत देतो आणि इतरांशी स्पर्धा करून निवडला जातो. म्हणजे जानेवारीतल्या कामाची धावपळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच, वर्ग आणि परीक्षा सांभाळून करावी लागते. काम संपल्यावर वरिष्ठ मूल्यमापन करतात आणि विद्यार्थी अहवाल लिहितो.

पहिल्या खेपेला अनुभव नसल्याने जागा मिळवणं सर्वांत कठीण जातं. अशा वेळी कॉलेजमध्ये स्वतः केलेला एखादा छोटा प्रकल्प उपयोगी पडतो. मात्र तो कसा केला आणि कुठे अडलं, हे नीट सांगता आलं पाहिजे.

पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

• को-ऑपला प्रवेश म्हणजे नोकरी नव्हे. विद्यापीठ मदत करतं, हमी देत नाही.

• अनेक विद्यापीठं को-ऑपसाठी वेगळी फी घेतात. ती खर्चात धरा.

• पगारातून राहण्या-जेवणाला हातभार लागतो. परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी त्यातून निघेल, असं धरून कर्ज काढू नका.

• कॅनडातल्या कायम वास्तव्यासाठीच्या 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास' या मार्गात पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं काम मोजलं जात नाही. को-ऑपही नाही. एजंट नेमकी हीच गोष्ट सांगायला विसरतात.

• अमेरिकेत एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून १२ महिने किंवा अधिक पूर्णवेळ काम केलं, तर त्याच पदवीनंतर मिळणारी ओपीटीची संधी जाते.

• कामाच्या परवान्याचे नियम बदलत असतात. ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि नवंही नाही. पुणे विद्यापीठातल्या 'प्रॉडक्शन सँडविच' शाखेत शिकलेले इंजिनिअर तुमच्या ओळखीत असतील. पदवीच्या मध्येच कारखान्यात काम, म्हणून नाव सँडविच. बिट्स पिलानीत १९७० च्या दशकापासून 'प्रॅक्टिस स्कूल' आहे आणि या संस्थेच्या गोव्यातल्या संकुलातले विद्यार्थीही त्यात भाग घेतात. त्यात कंपन्यांबरोबर संशोधन संस्थांमध्येही काम करता येतं.

त्यामुळे कॉलेज इथलं असो वा परदेशातलं, प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: मागच्या वर्षी किती विद्यार्थ्यांना काम मिळालं? कुठे मिळालं? आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं नाही, तर पैसे भरण्याची घाई करू नका.