फॉरमॅट मारण्याआधी: फसलेलं अपग्रेड आणि घरातला इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानात कॉम्प्युटरचं काय काम, असं येताना एका मित्राने विचारलं. मी म्हटलं, गेली पंचवीस-तीस वर्षं आपल्या घरातला बराचसा मजकूर कागदावर नाही, कॉम्प्युटरमध्ये लिहिला जातोय. उद्या तो वाचताच आला नाही तर इतिहास कशावरून लिहायचा? आणि तो हातचा जातो, तो बहुतेक वेळा अपग्रेड फसल्यावर.

माझ्याच घरातलं सांगतो. आमचे अण्णा गोदाकाठच्या एका गावचे. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि ते गाव नाथसागराच्या पाण्याखाली गेलं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी इथे शहरात बसून, विंडोज ९८ वर, गावाच्या आठवणी टाइप करायला घेतल्या. कोणाचा वाडा कुठे होता, पोळ्याला बैल कोणत्या वेशीतून निघायचे, कोणतं घर उठून कुठे गेलं. ऐंशीएक पानं झाली होती.

२००३ साली मीच उत्साहाने म्हणालो, एक्सपी टाकून घेऊ. अपग्रेड अर्ध्यात थांबलं, मशीन चालू होईना. एका दुकानातला मुलगा आला. त्याने सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला आणि एक्सपी नव्याने टाकलं. अण्णांची फाइल डी ड्राइव्हला होती, म्हणून वाचली. उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! मुलगा म्हणाला, "काका, फाइल करप्ट झाली. डिलीट करून टाकू का?" अण्णा काहीच बोलले नाहीत. गाव दुसऱ्यांदा बुडाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आता इतिहासाकडे येऊ, कारण दोष त्या मुलाचा नव्हता.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीने घेतलेल्या. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, मात्रा. यावर सरळ उपाय होता तो इस्की या भारतीय मानकाचा: इंग्रजीच्या जागा तशाच ठेवायच्या आणि वरच्या जागांत भारतीय अक्षरं बसवायची. १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. कॉम्प्युटरमध्ये एक जादा कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची.

पण घरात आणि डीटीपीच्या दुकानात चालला तो दुसरा उपाय. इंग्रजी अक्षराचं चित्र काढायचं आणि त्याच जागी देवनागरीचं चित्र ठेवायचं. कृतीदेव फॉन्टमध्ये तुम्ही 'मराठी' लिहिलंत, तर मशीन साठवतं काय? ई, जे, के, मोठा बी, एच. (हशा) हसू नका, आपल्या कितीतरी लग्नपत्रिका, स्मरणिका आणि प्रबंध अशाच पद्धतीने साठवलेले आहेत! फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा.

अण्णांचे फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये होते, ते फॉरमॅटमध्ये गेले. मग टायपिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तर ते चालेना. त्याचं कुलूप म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक छोटं डोंगल. विंडोज ९८ हे डॉसच्या पायावरचं, तिथे सॉफ्टवेअर पोर्टशी थेट बोलू शकायचं. एक्सपी एनटीच्या घराण्यातलं; ते म्हणतं, मधे ड्रायव्हर हवा. जुन्या सॉफ्टवेअरकडे तो नव्हता. म्हणजे कुलूप होतं, किल्ली होती, दारच बदललं होतं.

बरं, एक्सपीत युनिकोडची मराठी होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह देवनागरी दिली होती. पण एक्सपीत ती आयती सुरू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत एक टिकमार्क करायचा, मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. सीडी घरी कोणाकडे होती? ती मुलगा घेऊन गेलेला!

मग अण्णांची फाइल कशी वाचली? लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे जुनं मशीन होतं, विंडोज ९८ आणि तोच फॉन्ट. फ्लॉपी घातली, फाइल उघडली आणि पूर्ण गाव पडद्यावर उभं राहिलं. फाइलला काहीच झालं नव्हतं. ती वाचणारं मशीन तेवढं आपण गमावलं होतं.

पुढे ती युनिकोडमध्ये आणली. तिथेही गंमत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, टाइपरायटरसारखी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं. रूपांतरात नेमक्या तिथेच चुका राहिल्या. अण्णांनी पानन्‌पान वाचून त्या दुरुस्त केल्या.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकालीन दप्तरं उघडली गेली. कागद होते, शाई होती. हवे होते ते मोडी आणि उर्दू वाचणारे लोक. राज्य बदललं, लिपी बदलली, म्हणजे एका अर्थी अपग्रेडच झालं. जुनं वाचणारी माणसं मात्र आपण सांभाळली नाहीत.

हे आज का सांगतोय? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती कितीतरी घरगुती मशीनमध्ये नाही. म्हणजे पुन्हा अपग्रेड, पुन्हा फसणं, आणि पुन्हा "फॉरमॅट मारू का?"

तेव्हा एवढं करा. अपग्रेडआधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यांच्यासोबत फॉन्टही घ्या. अपग्रेड होऊन काही बिघडलं तर पहिले दहा दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परतता येतं, तोवर विंडोज.ओल्ड हे फोल्डर पुसू नका. मशीन चालूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, आधी मजकूर काढा, मग दुरुस्ती. आणि फाइलमध्ये कचरा दिसला तर "करप्ट" म्हणण्याआधी विचारा: ही कोणत्या फॉन्टमध्ये लिहिली होती?

अण्णा आता नाहीत. ती ऐंशी पानं आहेत, युनिकोडमध्ये आणि छापूनसुद्धा. तुमच्या घरातल्या जुन्या मशीनमध्ये काय आहे, ते आज घरी गेल्यावर बघा.