जॅक किती टनांचा? १८४९ च्या एका पुलापासून गेल्या श्रावणातल्या चिखलापर्यंत

गेल्या श्रावणात आम्ही तिघे विद्यार्थी घाटाखालच्या एका गावी वीरगळांची छायाचित्रे घेण्यासाठी भाड्याच्या पिकअपमधून निघालो होतो. गाव दोन किलोमीटरवर असताना मागचे डावे चाक पंक्चर झाले, आणि तेही नेमके चिखलात. चाक इतके रुतले होते की एक्सलखाली जॅक शिरेना. म्हणून चालककाकांनी तो चॅसीखाली लावला. पण तिथे तो बुटका पडला, तेव्हा त्याच्याखाली एक चपटा दगड सरकवला. दांडा मारला की गाडी वर येण्याऐवजी दगडच खाली जाई. बऱ्याच वेळाने चाक सुटले, नट निघाले, चाक बाहेर आले, आणि त्याच क्षणी जॅक कलला. गाडी ड्रमवर आदळली. काकांनी हात नुकताच बाहेर घेतला होता.

जॅकवर ठळक अक्षरांत ‘५ टन’ असे कोरलेले होते. गाडीचे वजन त्याच्या निम्मेही नव्हते.

परतताना काका एवढेच म्हणाले, “पोरा, जॅक उचलायला असतो, धरायला नाही. आज ठोकळे घरी राहिले, ती चूक माझी.” मित्रहो, ट्रकसाठी वा कच्च्या रस्त्यावरच्या गाडीसाठी योग्य मापाचा जॅक कोणता, या प्रश्नाचा इतिहास आज मांडतो आहे, तो त्या वाक्यामुळे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ दुरून करावा लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने जड वस्तू हलवण्याची पाच मूलभूत साधने सांगितली: रहाट, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. पुढची जवळजवळ सतरा शतके भार उचलणारे प्रत्येक यंत्र या पाचांच्याच मेळातून घडले. सहावे साधन सापडले ते पाण्यात. बंद पात्रातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कालचे प्रतिपादन त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापले गेले. त्याचे यंत्र व्हायला मात्र १७९५ साल उजाडले. कुलुपे बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाने त्या वर्षी जलदाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याच्या शंभरपट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या घ्या, जोर शंभरपट होतो; मात्र मोठा दट्ट्या एक इंच वर यायला लहान दट्ट्याला शंभर इंच चालावे लागते. ही देवाणघेवाण नीट ध्यानात ठेवा. जॅकच्या सगळ्या मापांचे मूळ तिच्यात आहे. पुढे स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये कारखाना चालवणाऱ्या रिचर्ड डजनने १८५१ मध्ये हातात उचलून नेता येईल अशा जलदाबाच्या जॅकचे पेटंट घेतले. आजचा बॉटल जॅक त्याच घराण्यातला.

आता १८४९ कडे वळू. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया पूल बांधत होता. (मुंबई–ठाणे रेल्वे ज्या जीआयपी कंपनीने सुरू केली, तिचा सल्लागार अभियंताही हाच.) लोखंडी पत्र्यांच्या अवाढव्य पोकळ नळ्या, प्रत्येकीचे वजन दीड हजार टनांहून अधिक. त्या पाण्यावरून तरंगत आणून खांबांपाशी लावायच्या आणि जलदाबाच्या प्रेसने सुमारे शंभर फूट वर चढवायच्या. प्रेसची धाव एका वेळी सहा फुटांची. काम वेगाने उरकायचे तर नळी सलग सहा फूट उचलावी आणि मग खाली बांधकाम करावे, हे सोयीचे होते. स्टीफन्सन मात्र हटून बसला: नळी जसजशी वर येईल, तसतसा तिच्याखाली आधार भरत गेलाच पाहिजे.

ऑगस्ट महिन्यात प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटला. तुटलेला प्रचंड तुकडा खाली कोसळला आणि त्यात एक माणूस दगावला. नळी मात्र खाली भरलेल्या आधारावर टेकली. घसरली ती केवळ काही इंच. तो आधार नसता तर पूल आणि त्यावरची माणसे दोन्ही सामुद्रधुनीत गेली असती. जगातील सर्वोत्तम प्रेस होती ती, क्षमता हिशेबाने काढलेली होती, तरी फुटली. तेव्हा ठोकळे हे जॅकच्या मापाचाच भाग आहेत, असे मी मानतो. पन्नास टनांचा जॅकही ठोकळ्यावाचून अपुराच.

दुसरी घटना थेम्स नदीकाठची. इसाम्बर्ड किंग्डम ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज, लांबी २११ मीटर, उतरवतानाचे वजन सुमारे १२,००० टन. एवढे लांब जहाज नदीत सरळ उतरवणे अशक्य, म्हणून ते आडवे सरकवायचे ठरले. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर पहिला प्रयत्न झाला. जहाज जरासे हलले, एका रहाटाचा दांडा उलटा भिरभिरला, त्यात जीवितहानी झाली, आणि जहाज जागीच रुतून बसले. पुढे जवळजवळ तीन महिने जॅक आणि प्रेस वाढवत जावे लागले. कित्येक साखळ्या तुटल्या, प्रेस फुटल्या. बर्मिंगहॅमच्या टँजी बंधूंनी पुरवलेल्या जलदाबाच्या जॅकांनी अखेर काम साधले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी जहाज तरंगले. टँजींची कीर्ती त्या एका कामावर उभी राहिली.

ब्रुनेलसारख्या माणसाचा अंदाज चुकला, कारण वजन हिशेबात मावते. रुतलेल्या वस्तूचा विरोध मावत नाही. लोखंडावर टेकलेले लोखंड एकदा थांबले की पुन्हा हलवायला अधिक जोर लागतो. चिखलात रुतलेल्या चाकाचेही तसेच: चाकावरचा भार आठशे किलो असेल, पण चिखलाची ओढ त्यात मिळवावी लागते, आणि ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते.

मग टनांचा हिशेब करायचा कसा? गाडीच्या एकूण वजनापासून नव्हे, एका बाजूच्या भारापासून. भारतात दोन एक्सलच्या मालट्रकला २०१८ च्या अधिसूचनेपासून १८.५ टन एकूण वजनाची मुभा आहे, त्यातले ११.५ टन मागच्या एक्सलवर. मागची एक बाजू उचलायची म्हणजे पावणेसहा टन. रुतण्याचा आणि उताराचा वाटा धरला की दहा टनांचा बॉटल जॅक योग्य ठरतो, पाच टनांचा मुळीच नाही. पिकअपला तीन टनांचा जॅक पुष्कळ होतो. आमच्या काकांकडे पाच टनांचा होता. म्हणजे क्षमता भरपूर होती, तरी जॅक पडला.

कारण तो उंचीत चुकीचा होता. ही बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चॅसीखाली जॅक लावला की आधी कमानपाटे सैल होतात, एक्सल खाली लोंबत राहतो, चाक जमिनीला चिकटूनच असते. जॅक हातभर चढतो आणि चाक बोटभरही सुटत नाही. एक्सलखाली लावला तर ही उधळपट्टी टळते, पण तिथे जॅकची मिटलेली उंची आड येते. हवा गेलेल्या टायरने एक्सल आणखी खाली आलेला असतो. म्हणून मापे दोन घ्यावीत: टायर सपाट असताना एक्सलखाली किती जागा उरते, आणि फुगलेला टायर लावण्यासाठी एक्सल किती वर जावा लागतो. जॅक पहिल्या मापात शिरला पाहिजे आणि दुसऱ्या मापापर्यंत पोहोचला पाहिजे.

उंचीचा प्रश्न शहरी कारखान्यांनी सोडवला नाही, शेतकऱ्यांच्या गरजेने सोडवला. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी फिलिप जॉन हॅरा याने आधी कुंपणाच्या तारांचे एक अवजार काढले आणि १९०५ पासून तिथे एक उंच जॅक तयार होऊ लागला: भोके पाडलेली पोलादी पट्टी आणि तिच्यावर आळीपाळीने चढणाऱ्या दोन खिळ्या. शेतात खांब उपटायला, तार ताणायला, रुतलेली गाडी काढायला तो चाले. आजचे ऑफ-रोड शौकीन गाडीच्या मागे मिरवतात तो हाय-लिफ्ट जॅक हाच. तो ३६, ४२, ४८ आणि ६० इंचांत मिळतो, आणि नवखा माणूस सर्वांत उंच तो उचलतो. इथे लिओनार्ड ऑयलर आडवा येतो. १७४४ मध्ये त्याने दाखवले की सडपातळ उभा दांडा चिरडून नव्हे, वाकून निकामी होतो आणि लांबी दुप्पट केली की वाकण्यापूर्वी पेलायचा भार चौथाईवर येतो. साठ इंची पट्टीच्या टोकाशी गेलेली गाडी कलण्याचा धोकाही तितकाच. शिवाय या जॅकला टेकायला मजबूत पोलादी बंपर हवा. प्लॅस्टिकच्या बंपरवर तो निरुपयोगी. उतरवताना हात सैल पडला तर त्याचा दांडा जबड्यावर उसळतो. साध्या उंचीच्या गाडीला ४८ इंची पुरे, असे माझे मत. ज्याने बंपर बदललेला नाही, त्याने तो घेऊच नये.

राहिली जमीन. भरलेल्या पिकअपच्या एका मागच्या चाकावर हजार किलो धरा. बॉटल जॅकची बैठक साधारण १२ बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर: दर चौरस सेंटिमीटरला सात किलो. टायर जमिनीला साधारण त्याच्या निम्म्यानेच दाबतो. ज्या जमिनीने टायर गिळला ती जॅक सोडणार नाही, हे या आकड्यांतच आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अभियंता अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटात हे फार लवकर ओळखले. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छतासाठी बनवलेली पोलादी पन्हळे त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाली; रुतलेल्या चाकापुढे ती अंथरून तो मोटारी वाळूतून बाहेर काढी. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या शेव्हर्ले ट्रकांवर अशीच पन्हळे बांधलेली असत. भार पसरला की वाळू तो पेलते. जॅकखाली ४० बाय ४० सेंटिमीटरची जाड फळी घातली तर तोच हजार किलो भार चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आत येतो. फळी पातळ नको. ती वाकली की हिशेब पुन्हा मधल्या १४४ चौरस सेंटिमीटरवर येतो.

दिवाळीनंतर काकांच्या गाडीपाशी गेलो होतो. पट्टी घेऊन दोन्ही मापे घेतली. टायरची हवा सोडायला काका आधी तयार नव्हते, मग हसत तयार झाले. जुना जॅक त्यांनी पुतण्याला दिला. आता सीटमागे तीन टनांचा, वरून मळसूत्राने लांबणारा बॉटल जॅक आहे, बाभळीचे दोन ठोकळे आहेत आणि सागवानी फळी आहे. फळी घरच्या जुन्या दाराची. कडी बसवल्याची भोके तिच्यावर अजून दिसतात.