कोकोच्या बागा आणि घानाचा शेतकरी

चॉकोलेटची वडी आतां शहरांतील घरांत अपूर्वाईची राहिलेली नाहीं. परंतु ज्या झाडाच्या बियांपासून ती तयार होते, तें झाड पाहिलेले लोक आपल्याकडे थोडे. आणि तें झाड लावणाऱ्या शेतकऱ्याची हकीकत जाणणारे त्याहूनहि थोडे. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. तथापि विसाव्या शतकांत जगाला कोको पुरविण्याचें काम मुख्यतः पश्चिम आफ्रिकेनें केलें, आणि त्यांतहि बराच काळ अग्रभागीं होता तो सुवर्णकिनारा. हाच देश १९५७ सालीं स्वतंत्र झाला व त्यानें घाना हें नांव धारण केलें. या देशांत कोकोचें पीक एकाहून अधिक वेळां मरणपंथास लागलें आणि पुन्हा उठून उभें राहिलें.

टेटे क्वार्शी नांवाचा एक लोहार मजुरीसाठीं फर्नांडो पो बेटावर गेला होता. परत येतांना त्यानें कोकोच्या कांहीं बिया बरोबर आणल्या आणि १८७९ सालीं आक्वापिम टेकड्यांवरील माम्पाँग गांवीं त्या लावल्या, असें तेथील परंपरा सांगते. त्याच्या आधीं वीसएक वर्षें स्विस मिशनऱ्यांनीं हाच प्रयोग केला होता, पण त्यांचीं रोपें बहुतेक मेलीं. पुढें गव्हर्नर ग्रिफिथ यांनींहि साओ टोमे बेटावरून बियाणें मागविलें. श्रेय कोणाचें याविषयीं पंडितांत वाद आहे. लोकांनीं मात्र तें निःशंकपणें लोहाराच्या पदरीं घातलें आहे. १८९१ सालीं या किनाऱ्यावरून परदेशीं गेलेला कोको अवघा ८० पौंड भरला. १९११ सालीं तोच आंकडा ४०,००० टनांच्या घरांत गेला आणि सुवर्णकिनारा जगांतील सर्वांत मोठा कोको-उत्पादक ठरला. वीस वर्षांत एवढी मजल दुसऱ्या कोणत्या पिकानें क्वचितच मारली असेल.

हें यश मळेवाल्यांचें नव्हे. सिलोनचा चहा किंवा मलायाचें रबर गोऱ्या कंपन्यांच्या भांडवलावर वाढलें; येथें कोको वाढला तो दोनचार एकरांच्या धन्यांनीं. आक्वापिमच्या शेतकऱ्यांनीं गट करून डेन्सू नदीच्या पश्चिमेचें अरण्य तेथील मानकऱ्यांकडून पैसे मोजून विकत घेतलें, त्याच्या लांबट पट्ट्या पाडल्या आणि प्रत्येकानें आपल्या भरण्याच्या मानानें वांटून घेतल्या. पहिल्या बागेचा पैसा दुसऱ्या जमिनींत घालावा, दुसरीचा तिसरींत, असा त्यांचा क्रम असे. पॉली हिल या इंग्रज विदुषीनें १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गांवोगांवचे नकाशे व वह्या धुंडाळून हें सिद्ध केलें. आफ्रिकेंतील शेतकरी वरून कोणी ढकलल्याखेरीज हलत नाहीं, अशी जी सोयीस्कर समजूत सरकारी दप्तरांत रुळली होती, तिला या ग्रंथानें चांगलाच धक्का दिला.

बाग लावण्याची रीतहि मोठ्या शहाणपणाची. अरण्य सरसकट तोडावयाचें नाहीं. सावलीसाठीं उंच वृक्ष राखावयाचे. कोकोच्या रोपांबरोबर केळीं व अळूच्या जातीचे कंद लावावयाचे. रोपांना त्यांची सावली होते आणि झाड फळास येईपर्यंतचीं चारपांच वर्षें त्याच कंदांवर घर जगतें. फळें खोडालाच लागतात, आपल्या फणसासारखीं. कोयत्यानें फळ फोडून गरासकट बिया काढावयाच्या, केळीच्या पानांत त्यांचा ढीग झांकून पांचसहा दिवस आंबवावयाचा, मधून दोनदां चाळवावयाचा आणि मग बांबूच्या तट्ट्यांवर उन्हांत वाळवावयाचा. हें आंबवणें साधलें नाहीं तर चॉकोलेटचा तो स्वाद कोणत्याहि कारखान्यांत उत्पन्न करतां येत नाहीं. घानाच्या मालाला बाजारांत आजवर जी प्रतिष्ठा लाभली, ती या केळीच्या पानांखालच्या मेहनतीची आहे. आणि त्या मेहनतींत शेतकऱ्याच्या बायकोचा हात बरोबरीचा असतो, जरी बाग बहुधा तिच्या नांवावर नसते. आकान लोकांत वारसा भाच्याकडे जाण्याची चाल होती. त्यामुळें नवऱ्याच्या पश्चात् जन्मभर राबलेल्या बागेंतून बायकोमुलांनीं रिकाम्या हातीं बाहेर पडावें, असे प्रसंग वारंवार येत. १९८५ सालच्या वारसा कायद्यानें विधवेला व मुलांना हक्काचा वांटा दिला. कायदा झाला म्हणजे गांवचा रिवाज लगेच बदलतो असें मात्र नाहीं.

पिकाची वाढ झाली, परंतु भाव ठरविणें शेतकऱ्याच्या हातीं नव्हतें. १९३७ सालीं युनायटेड आफ्रिका कंपनी व इतर परदेशी खरेदीदारांनीं आपसांत करार करून खरेदीची चढाओढच बंद केली. त्यावर शेतकऱ्यांनीं असा उपाय योजिला कीं, त्या वर्षीचें पीक विकलेंच नाहीं. त्या वर्षाच्या हंगामापासून एप्रिल १९३८ पर्यंत माल गांवींच अडवून ठेवला. परदेशी कापडचोपड घेणेंहि सोडलें. शेवटीं विलायतेहून नोवेल चौकशी-मंडळ आलें आणि त्यानें खरेदीच्या पद्धतीवर स्पष्ट ताशेरे झाडले. पुढें महायुद्धांत सरकारनें सर्व खरेदी आपल्याकडे घेतली आणि १९४७ सालीं कोको विक्री मंडळ स्थापन झालें. कंपन्यांच्या मुठींतून सुटलेला शेतकरी मंडळाच्या मुठींत गेला, असें म्हणण्याची पाळी पुढें आली. पण आरंभीं त्याला तो दिलासाच वाटला.

याच सुमारास झाडांवर एक नवें संकट कोसळलें. १९३६ सालीं देशाच्या पूर्व भागांत कोवळ्या फांद्या सुजलेलीं झाडें आढळलीं. तीं दोनतीन वर्षांत वाळून जात. १९३८ सालीं टाफो येथें संशोधन केंद्र निघालें आणि तेथील शास्त्रज्ञ पॉस्नेट यांनीं १९४० सालीं हा विषाणूचा रोग असल्याचें दाखविलें. पिठ्या ढेकूण नांवाचा किडा हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो आणि मुंग्या त्या किड्याला सांभाळतात. औषध कोणतेंहि नाहीं. रोगट झाड व त्याच्या शेजारचीं निरोगी दिसणारीं झाडें तोडून टाकणें, एवढाच उपाय. सरकारनें तो सक्तीनें अंमलांत आणला. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर फळांनीं लगडलेलीं झाडें सरकारी टोळ्या तोडूं लागल्या, तेव्हां हें पिकावरचें प्रेम आहे यावर कोणाचा विश्वास बसावा? फेब्रुवारी १९४८ मध्यें आक्रा शहरांत माजी सैनिकांवर गोळीबार होऊन दंगे उसळले. त्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या वॉटसन मंडळानें लोकांच्या असंतोषाच्या कारणांत झाडतोडीची नोंद केली आहे. शास्त्र सरकारच्या बाजूला होतें यांत संशय नाहीं. परंतु ज्या सरकारला भाव देतांना शेतकरी दिसला नव्हता, त्याच्या तोंडचें शास्त्र शेतकऱ्याला खरें वाटलें नाहीं, यांत नवल तें काय? क्वामे एन्क्रुमा १९५१ सालीं अधिकारावर येतांच त्यांनीं सक्ती थांबविली, आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनाहि ती पुन्हा आणावी लागली.

विक्री मंडळाची कल्पना अशी होती कीं, जगांत भाव चढला म्हणजे पैसा शिल्लक टाकावा आणि भाव पडला म्हणजे त्यांतून शेतकऱ्याला सांवरावें. शिल्लक पडत गेली, सांवरणें मात्र मागें पडलें. १९५४ सालीं जगाच्या बाजारांत भाव कडाडले असतां सरकारनें ६० पौंडांच्या ओझ्यास ७२ शिलिंग हा दर कायद्यानें बांधून टाकला. अशांती प्रांत खवळला. कुमासी येथें त्याच वर्षीं सप्टेंबरांत नवा विरोधी पक्ष उभा राहिला. कोकोच्या पैशांतून शाळा, रस्ते व विद्यालयें निघालीं हें खरें आणि तें कोणी नाकारूं नये. पण कर भरणाऱ्याला आपण कर भरतों हें निदान ठाऊक असतें. येथें तो भावांतूनच परस्पर कापला जाई. १९६४-६५ च्या हंगामांत साडेपांच लाख टनांहून अधिक पीक आलें, आणि त्याच वर्षीं जगांत भाव कोसळला. फेब्रुवारी १९६६ मध्यें एन्क्रुमा यांची सत्ता गेली.

त्यानंतरचीं अठरा वर्षें उतरती कळा. १९६९ सालच्या हुकमानें परदेशी मजुरांना देशाबाहेर काढलें, तेव्हां बागांत राबणारे हात गेले. चलन फुगलें, औषधें व फवारणीचे पंप मिळेनात. सरहद्दीपलीकडे दर चांगला, म्हणून गोणी रातोरात आयव्हरी कोस्टमध्यें जाऊं लागल्या आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तोच देश पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. १९८२ सालीं गांवोगांवीं अडकून पडलेला माल बाहेर काढण्यासाठीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. १९८३ सालीं अवर्षण पडलें, वणवे लागले, आणि जुन्या बागाच्या बागा जळून गेल्या. १९८३-८४ च्या हंगामांत सारें पीक १ लाख ५९ हजार टनांच्या आसपास भरलें.

येथून पुनरुज्जीवनाला आरंभ झाला. त्यांत जादू कसलीच नव्हती. १९८३ पासून शेतकऱ्याला मिळणारा दर पुन्हा पुन्हा वाढविण्यांत आला. टाफो केंद्रानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील वाणांचा संकर करून लवकर फळणारीं रोपें पूर्वींच तयार केलीं होतीं. पण दर परवडेना तोंपर्यंत तीं लावणार कोण? दर चढतांच लोक जळक्या जमिनीकडे आणि पश्चिमेकडच्या अरण्याकडे वळले. पुढें २००१ पासून सरकारनें फुकट फवारणीची मोहीम काढली. २०१०-११ सालीं पीक प्रथमच दहा लाख टनांवर गेलें.

गांवच्या पातळीवर घडलेली एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. शेतकऱ्याचें जुनें गाऱ्हाणें भावाइतकेंच तराजूचें होतें. खरेदी करणारा कारकून वजनांत मारी, आणि दाद कोणाकडे मागावी? १९९३ सालीं क्वापा कोको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. नांवाचा अर्थ 'कोकोचा चांगला शेतकरी'. तिच्या प्रत्येक गांवचे सभासद आपल्यांतूनच वजन करणारा माणूस निवडून देतात. योग्य दरानें विकलेल्या मालावर मिळणाऱ्या अधिक रकमेंतून विहिरी व शाळाखोल्या झाल्या, आणि १९९८ सालीं विलायतेंत निघालेल्या एका चॉकोलेट कंपनींत या शेतकऱ्यांना भागीदारी मिळाली. संस्थेचे सभासद देशाच्या मानानें थोडेच. परंतु तराजू आपल्या माणसाच्या हातीं असला म्हणजे काय फरक पडतो, हें शेजारच्या गांवांनाहि दिसलें.

मात्र जुन्या बागा नव्यानें लावण्यांत एक अडचण आहे, ती कृषितज्ज्ञांच्या पत्रकांत सहसा दिसत नाहीं. तेथील पुष्कळ शेतकरी कुळें आहेत. अरण्य तोडून बाग उभी करणाऱ्या कुळाला निम्मी बाग किंवा निम्में पीक मिळावें, असा करार असतो, त्यास आबुनू म्हणतात. तयार बाग राखणाऱ्यास तिसरा हिस्सा, तो आबुसा. अनेक ठिकाणीं कुळाचा हक्क झाडें उभीं आहेत तोंपर्यंतच. झाडें तोडलीं कीं जमीन मालकाकडे परत. मग चाळीस वर्षांचीं, रोगानें पोखरलेलीं, मूठभर फळें देणारीं झाडें कूळ तोडीत नाहीं, याला अज्ञान म्हणावें कीं हिशेब? अलीकडच्या सरकारी योजनेनें मालक व कूळ या दोघांनाहि भरपाई द्यावयास घेतली, तेव्हां कोठें तोडीला संमति मिळूं लागली.

२०१९ सालीं घाना व आयव्हरी कोस्ट या दोन शेजाऱ्यांनीं मिळून टनामागें ४०० डॉलर अधिक घेण्याचें ठरविलें. २०२०-२१ च्या हंगामापासून तें अंमलांत आलें. त्या हंगामांत पीक पुन्हा दहा लाखांवर गेलें होतें. परंतु २०२३-२४ मध्यें तें जवळपास निम्म्यावर आलें. फांद्या सुजविणारा तोच जुना रोग पश्चिमेच्या बागांत पसरला होता, पाऊस लहरी झाला होता, आणि सोन्याच्या चोरट्या खाणी काढणारे लोक बागा विकत घेऊन जमीन उकरीत होते. २०२४ सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत टनाचा भाव १०,००० डॉलरांवर चढला. घानाचा बराचसा माल मात्र वर्षभर आधींच जुन्या भावानें विकला गेलेला होता. ज्याच्या बागेंत त्या वर्षीं फळें धरलीं त्यालाहि ती तेजी पुरती हातीं लागली नाहीं. आणि खाणवाला शेताच्या बांधावर रोख पैसे घेऊन उभा होता.