पॅप स्मिअर नॉर्मल आला, तरी पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो

पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या बाईच्या अंगावर पुन्हा लाल गेले, की ‘पॅप करून घे’ असे कुणीतरी सुचवतेच. रिपोर्ट नॉर्मल आला की विषय मिटतो. गफलत होते ती इथेच. पॅप स्मिअर ही गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. पिशवीच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा कॅन्सर शोधण्यासाठी ती नाही.

या तपासणीत पिशवीच्या तोंडावरच्या पेशी छोट्या ब्रशने किंवा चपट्या काडीने हलकेच खरवडून घेतात. आतल्या अस्तरातल्या बिघडलेल्या पेशी आपणहून गळून खाली आल्या, तरच त्या नमुन्यात सापडतात. त्यामुळे अस्तराचा कॅन्सर निघालेल्या बायकांपैकी निम्म्याहून कमी जणींच्याच स्मिअरमध्ये आधी काही दोष दिसलेला असतो. सीरस हा जास्त आक्रमक प्रकार स्मिअरमध्ये त्या मानाने अधिक वेळा दिसतो. नेहमी आढळणारा एंडोमेट्रिऑइड प्रकार मात्र बरेचदा निसटतो.

गंमत अशी की, जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांच्या १९४३च्या पुस्तकाच्या नावात ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ असेच शब्द होते. प्रत्यक्षात ही तपासणी गाजली ती तोंडाच्या कॅन्सरसाठी.

म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. रिपोर्टमधले दोन शेरे नीट वाचावेत. ‘ॲटिपिकल ग्लँड्युलर सेल्स’ असे लिहिले असेल, तर नुसता स्मिअर पुन्हा करून भागत नाही. कॉल्पोस्कोपी लागते, आणि वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर अस्तराची बायोप्सीही. दुसरा शेरा ‘एंडोमेट्रियल सेल्स’. बेथेस्डा या रिपोर्ट लिहिण्याच्या पद्धतीत २०१४पासून तो ४५ वर्षे व त्यापुढच्या बायकांसाठी नोंदवतात. आधी ही मर्यादा ४० होती. पाळी चालू असताना अशा पेशी दिसणे बहुधा साधे असते. पाळी गेल्यावर दिसल्या, तर अस्तर तपासायलाच हवे.

पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ९ जणींना हा कॅन्सर निघतो. म्हणजे बहुतेकींना तो नसतो. पण ज्यांना असतो, त्यांतल्या जवळपास ९० टक्के बायकांना रक्तस्राव झालेला असतो. वजन जास्त, मधुमेह, पीसीओएस, मूल न झालेले, टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या, घरात गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

अशा वेळी योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर धोका फारच कमी. जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त पुन्हापुन्हा जात असेल, तर बायोप्सी. ओपीडीतच बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेता येतो. थोडी कळ येते, भूल बहुधा लागत नाही. नमुना पुरेसा मिळाला नाही तर दुर्बिणीने पाहून क्युरेटिंग करतात.

सरकारी आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हीआयए तपासणी होते, त्यात ॲसिटिक ॲसिड लावून पिशवीचे तोंड पाहतात. तीही आतल्या अस्तराबद्दल काही सांगत नाही.

पॅपच्याच नमुन्यातला डीएनए तपासण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये मांडला. त्यात अस्तराचे ८१ टक्के कॅन्सर पकडले गेले. नेहमीच्या तपासणीत तो अजून आलेला नाही.