भजनी मंडळाचा छोटा मिक्सर: जोडायचा कसा, आवाज गेला तर बघायचं कुठं

आता बऱ्याच गावांत भजनी मंडळाने, गणपती मंडळाने वर्गणीतून स्वतःचा चार-सहा चॅनेलचा मिक्सर घेतलाय. तो चालवता मात्र एखाद्याच पोराला येतो. ते पोरगं गावाला गेलं की ऐन कार्यक्रमात सगळे मिक्सरभोवती गोळा होतात आणि दिसेल ते बटन फिरवतात. आमच्याकडे मागच्या सप्ताहात हेच झालं. मिक्सर जळाला असं ठरवून दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेला. मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितलं, मिक्सर चांगला आहे, माइकची वायर पिनेपाशी तुटलीय. तोवर रात्रीचं कीर्तन बिनमाइकचं होऊन गेलं होतं, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एक शब्द ऐकू आला नाही.

जोडणी सरळ आहे. माइक मिक्सरला, मिक्सर मशीनला म्हणजे ॲम्प्लिफायरला आणि मशीन कर्ण्यांना. माइकसाठी तीन काड्यांची गोल पिन म्हणजे एक्सएलआर वापरा. जाड एका काडीच्या पी-३८ पिनेची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की घरघर पकडते, एक्सएलआरची चांगली वायर ५० मीटरवरही साफ चालते. मिक्सरच्या 'मेन आउट'मधून निघालेली वायर मशीनच्या 'लाइन' किंवा 'ऑक्स'मध्ये घाला. ती मशीनच्या माइकच्या भोकात घातली की आवाज फाटतो आणि आपण उगाच कर्ण्याला दोष देतो.

मग गेन लावायचा. कीर्तनकार जेवढ्या जोरात बोलणार तेवढ्या जोरात माइकवर बोला आणि लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवा, तिथून थोडा मागे घ्या. पुढचं कमी-जास्त चॅनेलच्या लेव्हलवर करायचं, गेनला पुन्हा हात लावायचा नाही. '+४८ व्होल्ट' लिहिलेलं बटन फँटमचं असतं. ते कंडेन्सर माइकला लागतं, हातातल्या साध्या माइकला लागत नाही. एकही कंडेन्सर माइक नसेल तर ते बंदच ठेवा.

मोबाइल जोडताना एक गंमत होते. गाणं लावलं की तबला-पेटी ऐकू येते, गाणाऱ्याचा आवाजच गायब! मोबाइलच्या बारीक पिनेत डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. ती वायर एकाच माइक चॅनेलमध्ये घातली की मिक्सर एका बाजूतून दुसरी वजा करतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तोच कटतो. एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेली वायर आणा, त्या दोन पिना स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या भोकांत घाला. मोबाइल चार्जिंगला असताना भुणभुण आली तर आधी चार्जर काढा.

आवाज एकदम गेला तर मिक्सरला हेडफोन लावा. हेडफोनमध्ये ऐकू येतंय म्हणजे माइक आणि मिक्सर ठीक आहेत, बिघाड पुढच्या वायरीत, मशीनमध्ये किंवा कर्ण्यात आहे. हेडफोनमध्येही काही नसेल तर मागे या. माइकचं बटन चालू आहे का? चॅनेलचं 'म्यूट' दाबलंय का? मग वायर बदला, मग माइक, मग चॅनेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुरू झालं तेच कळत नाही. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा वायरच निघते. एक जास्तीची वायर पेटीत ठेवली असती तर आमचं कीर्तन वाया गेलं नसतं. ॲडॉप्टर गेला तर सेटटॉप बॉक्सचा लावून बघू नका. काही मिक्सरना डीसी नाही, एसी पुरवठा लागतो.

माइक शिट्टी मारत असेल तर कर्णे माइकच्या पुढे आणि लोकांकडे तोंड करून ठेवा. मोकळे पडलेले माइक बंद करा. माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाढते, हे गायकांना कितीही सांगा, धरतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरघर थांबावी म्हणून काहीजण मशीनच्या प्लगची अर्थिंगची जाड काडी कापतात किंवा दोन काड्यांचा प्लग लावतात. घरघर थांबते, पण जीव धोक्यात येतो. छोट्या मिक्सरच्या ॲडॉप्टरला बहुतेक वेळा अर्थिंग नसतंच, माइकच्या धातूच्या जाळीला अर्थ मिळतो तो वायरीतून मशीनकडून. ती काडी कापली आणि मशीनमध्ये करंट उतरला की तो थेट माइकवर येतो. कीर्तनकार अनवाणी उभा, पावसात मांडवाची जमीन ओली. आकडा टाकून लाइन घेतली असेल तर विचारूच नका.

कार्यक्रमाआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावा. दिवा लागला तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, तोवर माइक कुणाच्या हातात देऊ नका. दिवा लागला नाही म्हणून अर्थिंग आहे असं मात्र धरू नका, ते वायरमनकडूनच तपासून घ्या. मांडवाच्या लाइनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. घरघरीवर उपाय वेगळा आहे: मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावर घ्या, माइकची वायर लाइटच्या वायरीपासून लांबून न्या.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना उलटं, नाहीतर धप्प आवाजाने कर्ण्याचं युनिट जातं. वायरी कोपराला गुंडाळू नका, पिनेपाशी तिथंच तुटतात.