शंभराच्या पलीकडचा वणवा

वणवा मोजायचा कशाने? ऑस्ट्रेलियात साठच्या दशकात ॲलन मॅकार्थर या वनशास्त्रज्ञाने त्यासाठी एक फिरती चकती रूढ केली. उष्णता, हवेतला ओलावा, वारा आणि जमिनीचा कोरडेपणा जुळवून ती फिरवली, की आकडा निघे. एक म्हणजे आग धड पेटणारही नाही. शंभर म्हणजे आवरणे अशक्य. हे शंभर आले कुठून? १३ जानेवारी १९३९च्या ‘काळ्या शुक्रवारा’तून. त्या वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात ७१ माणसे गेली. याहून वाईट दिवस उगवणार नाही असे धरून पट्टी तिथेच संपवली.

तो उगवला. ७ फेब्रुवारी २००९. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला आणि कित्येक ठिकाणी आकड्याने शंभरी ओलांडली. १७३ माणसे दगावली, दोन हजारांवर घरे जळाली.

पण खरी अडचण पट्टी तोकडी पडली ही नव्हती. चकती हवेचे सांगे, गावाचे नाही. त्याच आकड्याला एक घर जळे आणि शेजारचे उभे राही. १९८३च्या ‘अ‍ॅश वेन्सडे’ वणव्यांत ७५ बळी गेले, तेव्हा संशोधकांनी जळालेली आणि वाचलेली घरे एकेक करून तपासली. आपल्याला वाटते, ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते. प्रत्यक्षात बहुतेक घरे उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटली होती. पन्हळीत साचलेला पाला, छपराखालची फट, एवढे त्यांना पुरते. शिवाय माणूस हजर असलेली घरे जास्त वाचली होती. त्यातूनच पुढे ‘थांबून झुंजा, नाहीतर वेळीच निघा’ हे धोरण आले.

२००९मध्ये या हिशेबातली उणीव दिसली. मृतांपैकी ११३ जण घरातच सापडले. निम्म्याच्या जवळपास मृत लहान मुले, सत्तरीपुढचे वृद्ध किंवा आजारी होते. ज्यांनी झुंजायचे, ती ही माणसे! त्याच वर्षी बांधकामाची नियमावली सुधारली. झाडी कोणती, किती लांब, उतार केवढा, यावरून घराला लागणाऱ्या धगीच्या सहा पायऱ्या ठरल्या. इशाऱ्यांतही ‘महासंहारक’ ही नवी पायरी आली.

मॅकार्थरची चकती १ सप्टेंबर २०२२ रोजी निवृत्त झाली. नव्या पद्धतीत इशाऱ्याच्या चारच पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरचीचा निरोप सरळ आहे: जगायचे तर निघा. ज्या घरात गाडी चालवणारे कोणीच नाही, ते घर मात्र त्या फलकावर अजून दिसत नाही.