पार्करला सांगितलेलं खोटं

अमेरिकेत केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराबाहेर, हजार एकर जमिनीवर सरकारने १९३५ साली एक वास्तू उघडली. निम्मी तुरुंग, निम्मी इस्पितळ. अफू, मॉर्फिन, हेरॉइनच्या व्यसनात सापडलेले कैदी तिथे पाठवले जात, आणि आपण होऊन दार ठोठावणाऱ्यांनाही घेतलं जाई. लोक तिला ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत, आणि ते खरोखरच शेत होतं: गाई होत्या, टोमॅटोचे वाफे होते, शिवणकाम आणि सुतारकाम होतं. मोकळी हवा आणि कष्ट यांनी माणूस सुधारेल, अशी त्या काळची समजूत होती. सुधारून बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळले, हेही तिथल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे.

त्या आवारात जॅझ वाजवणारे इतके येऊन गेले की त्यांची नावं मांडली तर एक मोठा ताफा उभा राहील. चेट बेकर, एल्विन जोन्स, टॅड डॅमरॉन, रेड रॉडनी. आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स. मला लिहायचंय ते या रॉलिन्सबद्दल, कारण गेली अनेक वर्षं आमच्या नशामुक्तीच्या मिटिंगमध्ये मी त्याची हकीगत सांगत आलोय.

मी लालबागचा. वडिलांचा लग्नाचा बँड होता, त्यात मी सॅक्सोफोन वाजवायचो. वाजवायला शिकलो ते गिरगावातल्या एका गोवेकर अंकलकडे. त्यांची हयात फिल्मी स्टुडिओत गेली होती. रॉलिन्सची पहिली कॅसेट त्यांनीच दिली. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द (हेरॉइनचाच एक प्रकार) आली आणि आमच्या वयाची कितीतरी पोरं तिने ओढून नेली. त्यात मीही होतो. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, काय असते ते अंगाने जाणतो; त्याहून जास्त इथे लिहीत नाही. आज मी नशामुक्तीच्या गटात बसतो, नव्याने आलेल्यांचं ऐकतो आणि माझंही सांगतो.

रॉलिन्सची हकीगत कळायला आधी हे माहीत असायला हवं की त्या काळी खरं बोलणं वाजवणाऱ्याला परवडतच नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत, जिथे दारू मिळते अशा क्लबात गाणं-वाजवणं करायचं तर पोलिसांचं ‘कॅबरे कार्ड’ लागे. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलात की कार्ड गेलं, आणि कार्डाबरोबर चूलही गेली. गायिका बिली हॉलिडेला १९४७ मध्ये अटक झाली. शिक्षा एक वर्ष आणि एक दिवसाची होती. सुटून आल्यावर मार्च १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉल खचाखच भरवला, पण ज्या शहराने तिला डोक्यावर घेतलं तिथल्या क्लबात गायची परवानगी तिला मिळाली नाही. १९५६ साली तिचं आत्मचरित्र आलं आणि त्यात हेरॉइन लपवलेलं नव्हतं. १९५९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा पोलिसांनी तिला खाटेवरच अटक केली. या बाईबद्दल वाचताना आजही माझा संताप होतो. आजाऱ्याने आजार सांगितला की त्याला बेड्या ठोकायच्या, मग सांगणार कोण?

आणि तरी चार्ली पार्करने सांगितलं होतं. पार्कर म्हणजे बीबॉप या जॅझशैलीचा बाप, त्या पिढीचा देव. तो हेरॉइन घेई हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्याच्यासारखं वाजवू पाहणाऱ्या पोरांची समजूत झाली की सुई टोचल्याशिवाय तसा हात चालत नाही. पार्करने १९४९ मध्ये ‘डाउन बीट’ या जॅझ नियतकालिकात स्वच्छ म्हटलं की नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं सांगणारा वादक खोटारडा आहे. रेड रॉडनी त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्यालाही पार्करने हे करू नकोस म्हणून बजावलं होतं. रॉडनीने तरीही सुई घेतली. पोरांनी पार्करचं ऐकलं नाही, पार्करला पाहिलं.

इथे माझं एक ठाम मत आहे. उपदेश खरा असला तरी व्यसनी माणसाच्या आत शिरत नाही. आम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं. आत शिरतो तो दुसऱ्याने उघड केलेला लपवाछपवीचा तपशील, कारण त्या कामात आम्ही सगळेच तरबेज असतो.

३० जानेवारी १९५३. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला रॉलिन्स आणि पार्कर दोघेही आले होते. करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने पार्करचं नाव तबकडीवर ‘चार्ली चॅन’ असं छापलं गेलं. रॉलिन्स तेव्हा २२ वर्षांचा होता. सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहून आलेला, पॅरोलवर सुटून पुन्हा आत गेलेला. पार्करने त्याला विचारलं, कसा आहेस, सोडलंस ना? रॉलिन्स म्हणाला, हो, सोडलं. पार्करचा चेहरा उजळला. आणि थोड्याच वेळात तिथल्या कुणीतरी बोलता बोलता सांगून टाकलं की आज रॉलिन्सने आणि मी बरोबरच घेतली. पार्करचा चेहरा पडला. रॉलिन्सने हे पुढे अनेक मुलाखतींत सांगितलंय: तो पडलेला चेहरा पाहिला तेव्हा कळलं की माझ्या नशेचं ओझं हा माणूस वाहतोय, माझ्यासारख्या पोरांना आपण बिघडवलं असं त्याला वाटतंय. त्याच वेळी रॉलिन्सने ठरवलं की सोडायचं आणि पार्करला जाऊन सांगायचं.

तो आपण होऊन लेक्सिंग्टनला गेला. तिथे मेथाडोन देऊन हळूहळू हेरॉइन उतरवत. वाजवणाऱ्यांना वाद्यं मिळत, सरावाला खोल्या मिळत. याच आवारात १९४७ साली दारू सोडण्यासाठीच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर ‘अ‍ॅडिक्ट्स अनॉनिमस’च्या बैठका सुरू झाल्या होत्या. आमच्या गटातही एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, असा रिवाज आहे. रॉलिन्स तिथे असतानाच, १२ मार्च १९५५ रोजी, पार्कर न्यूयॉर्कमध्ये वारला. वय ३४. सांगायचं राहून गेलं.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि जॅझवर लिहिणारे तो दोन ओळींत उरकतात. बाहेर आल्यावर रॉलिन्स न्यूयॉर्कला परतला नाही, शिकागोत राहिला. झाडलोटीचं काम केलं, ट्रकमध्ये माल भरला, वायएमसीएच्या खोलीत राहून सराव केला. मग ‘बी हाइव्ह’ नावाच्या क्लबात जाऊन त्याने स्वतःला पारखलं. जुने सोबती तिथे होते, माल विकणारेही होते, ‘चल’ म्हणणारेही होते. घामाघूम होऊन तो बाहेर पडला, पुन्हा गेला, पुन्हा बाहेर पडला. हे त्याने स्वतः सांगितलं नसतं तर आपल्याला एवढंच कळलं असतं की १९५५च्या अखेरीस तो क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोचच्या बँडमध्ये आला आणि जून १९५६ मध्ये त्याने ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्या पोराला त्या तबकडीची गरज नसते. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मित्राचं काय करायचं, ते त्याला हवं असतं. रॉलिन्सने हेही सांगितलंय की घरातल्या वस्तू चोरून विकत होतो, लोक मला पाहून रस्ता बदलत, आणि फक्त आईने मला टाकलं नाही. हे वाक्य मी मराठीत सांगतो तेव्हा खोलीत कुणीतरी मान खाली घालतोच.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननेही १९५७ मध्ये हेरॉइन सोडलं. ‘अ लव्ह सुप्रीम’ या तबकडीच्या वेष्टणावर त्याने त्या वर्षी ईश्वरकृपेने आपण जागे झालो असं लिहिलं, पण नशेचं नाव घेतलं नाही. त्याच्यावर माझी श्रद्धा आहे. पण गटात मला रॉलिन्सच जास्त उपयोगी पडतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस रॉलिन्स मुंबईला आला होता, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून त्याने वेदान्त आणि योग शिकला. ध्यानाला बसणं जमत नाही म्हटल्यावर, वाजवतोस तेच तुझं ध्यान, असं त्याला सांगितलं गेलं. तेव्हा त्याला नशा सोडून दहाहून जास्त वर्षं झाली होती. म्हणजे सोडलेलं टिकवण्याचं काम त्याच्या लेखी संपलेलं नव्हतं. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात १९८६ साली सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधी हा माणूस आपल्या पवईत राहून गेला.

हकीगत संपली की मी गटाला एकच विचारतो: सोडलंय असं खोटं तू कुणाला सांगितलंस? उत्तरं पटापट येतात. आई. बायको. साहेब. मुलीच्या शाळेतल्या बाई. गेल्या पावसाळ्यात तमाशातला एक ढोलकीवाला गटात होता. त्याने आधी मलाच विचारलं, तो रॉलिन्स पार्करला भेटला का मग? नाही म्हटल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, माझे वस्ताद आहेत अजून. त्याच आठवड्यात एसटीने तो नारायणगावला गेला. परत आल्यावर शेअर करताना म्हणाला की वस्तादांनी आधी शिव्या घातल्या, मग जेवायला बसवलं. ढोलकीला मात्र हात लावू दिला नाही. दसऱ्याला फड उभा राहील तेव्हा ये, बघू, म्हणाले.